शेवटचं नाव जाईपर्यंत

महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांचे मालक, चालक आणि व्यवस्थापक यांस,



पॉपकॉर्नच्या किमतीबद्दल मला काही म्हणायचं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही पुढे वाचाल. एसी एवढा गार का असतो, जाहिराती संपता का संपत नाहीत, मराठी चित्रपटाच्या वाट्याला अडनिड्या वेळाच का येतात, ही भांडणं भांडायला माझ्यापेक्षा खमकी माणसं आहेत. माझं मागणं लहान आहे. चित्रपट संपून नावं सुरू झाली की तुम्ही लगेच दिवे लावता, ते लावू नका. शेवटचं नाव वर जाईपर्यंत हॉलमध्ये अंधार राहू द्या.

सध्या काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. शेवटचं दृश्य संपतं, पडदा काळा होतो आणि दिग्दर्शकाचं नाव उमटायच्या आत डोक्यावरचे दिवे भगभगीत लागतात. बाजूचं दार उघडतं, बाहेरचा उजेड पडद्यावर तिरका येतो. दारात झाडू आणि मोठी काळी पिशवी घेऊन मुलं उभी असतात. रांगेतली माणसं "एक्सक्यूज मी" म्हणत आपल्या गुडघ्यांवरून निघतात, आणि त्यांच्या पाठींच्या फटींतून मी संकलकाचं नाव शोधत असते. काही ठिकाणी तर नावं अर्ध्यावर असताना चित्रच बंद करतात. मग बघायचं काय, तर रिकामा पडदा.

नावं वाचतं कोण, असं तुम्ही म्हणाल. मी वाचते. आमच्या घरात सगळेच वाचायचे आणि ती खोड चित्रपटापेक्षा नाटकानं आणि रेडिओनं लावली.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून या गावाच्या अंगात नाटक आहे. नाटकाला गेलं की तिसरी घंटा व्हायची, दिवे मंद व्हायचे आणि पडद्यामागून घोषणा सुरू व्हायची. निर्माता, लेखक, दिग्दर्शक, मग नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा, पार रंगमंच व्यवस्थेपर्यंत. पडदा अजून बंदच. एखाद्या नेपथ्यकाराच्या नावाला टाळी पडायची, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटायचं, "म्हणजे सेट बघण्यासारखा असणार." ही घोषणा आजही होते. शिवाजी मंदिरला होते, बालगंधर्वला होते, गडकरी रंगायतनला होते. मराठी माणूस तिथे काही दिसायच्या आधी सगळी नावं ऐकून घेतो, पसंतीची टाळी देतो. तोच माणूस तुमच्याकडे आला की पहिल्या नावाला उठून चालू लागतो. माणूस तोच, मग फरक दिव्यांचा असणार, असा माझा साधा तर्क आहे.

रेडिओचं तर विचारू नका. आईची भाकऱ्या थापायची वेळ आणि विविध भारतीवरच्या जुन्या गाण्यांची वेळ एकच. गाण्याआधी निवेदक चित्रपट सांगायचे, गीतकार सांगायचे, संगीतकार, गायक सांगायचे. आई निवेदकाच्या आधी सांगायची. चुकली तर पिठाचाच हात कपाळाला लागायचा. मजरूह, शैलेंद्र, राजेंद्र कृष्ण ही मंडळी दूरच्या नात्यातली असावीत आणि कधीतरी उन्हाळ्यात येऊन राहून जातील, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

पुढे कळलं की ही नावंसुद्धा सुखासुखी रेडिओवर आलेली नाहीत. १९४९ साली 'महल' आला. त्यातलं सर्वांत गाजलेलं गाणं ज्या तबकडीवर होतं, तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालानं केलेलं पात्र. गाणारी कोण, याचा पत्ताच नाही. तेव्हा श्रोत्यांनी आकाशवाणीला पत्रं लिहिली, हा आवाज कुणाचा ते सांगा म्हणून. आकाशवाणीनं रेकॉर्ड कंपनीकडे विचारणा केली आणि नाव हवेवर आलं, लता मंगेशकर. गाण्याबरोबर गीतकाराचंही नाव सांगितलं जावं म्हणून साहिर लुधियानवींनी आग्रह धरला. फिल्मफेअरच्या बक्षिसांत पार्श्वगायनाचा रकानाच नव्हता. 'चोरी चोरी'च्या संगीताला बक्षीस मिळालं तेव्हा समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला. संगीतकाराला बाहुली मिळते, गायकाला आणि गीतकाराला का नाही, हा त्यांचा सवाल. मग तो रकाना आला आणि पहिलं बक्षीस 'मधुमती'तल्या गाण्यासाठी त्यांनाच मिळालं. सांगायचं हे की मागितल्याशिवाय इथे कुणाचंच नाव आलेलं नाही, आणि पहिल्यांदा ते मागितलं ते पोस्टकार्ड लिहिणाऱ्या श्रोत्यांनी. तुम्हाला पत्र लिहिण्याचा धीर मला त्यांच्याकडूनच आला.

त्याच्याही आधीची गोष्ट गौहर जानची. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीनं तिचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाण्यातलं काय कळणार? लेबलावर नाव कुणाचं छापायचं ते समजावं, म्हणून गाणं संपता संपता तिनं ठणठणीत इंग्रजीत सांगून टाकलं, "माय नेम इज गौहर जान." मी ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोठ्यानं हसले होते. आता ऐकते तेव्हा वाटतं, काय ऐट आहे! गाणं माझं, आणि नाव घेतल्याशिवाय ते संपणार नाही.

शेवटी नाव घालायची रीत तर आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. नामदेवांचं, जनाबाईंचं, तुकोबांचं नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात येतं. कीर्तनात तो चरण आला की बुवा आवाज चढवतात, टाळकरी जोर धरतात. नाव आलं म्हणून चपला शोधायला कुणी उठत नाही.

आता मुद्द्याचं. नावं वाचावीत कारण लोकांनी कष्ट केलेत, त्यांचा मान राखावा, असं मी म्हणत नाही. ते खरं आहेच, पण मान राखायला म्हणून कुणी चार मिनिटं बसत नाही, मीही बसणार नाही. मी बसते ती मजेसाठी. नाव कळलं की तेच गाणं, तोच चित्रपट वेगळा लागतो. 'आराधना'तलं 'रूप तेरा मस्ताना' मी किती वेळा ऐकलं असेल, रिक्षात, लग्नांत, इस्त्री करताना. त्यातलं अ‍ॅकॉर्डियन केर्सी लॉर्ड नावाच्या पारशी गृहस्थांनी वाजवलंय हे कळल्यापासून किशोरकुमारच्या मागून मला तो भाता वेगळा ऐकू येतो. ते श्वास घेणारं वाद्य आधीही तिथेच होतं, माझ्या कानाला मात्र नाव कळल्यावर सापडलं. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांतला तो ढोलकीचा ठेका, ज्याला वादक मंडळी 'दत्ताराम ठेका' म्हणतात, तो त्यांचे सहायक दत्ताराम यांचा. एकदा कळलं की भाजी चिरताना सुरीसुद्धा त्याच लयीत चालते.

आणि मग गोव्याची ती सगळी मंडळी. मुंबईच्या स्टुडिओंत स्वरलेखन जाणणारे, व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे, संगीतकाराच्या साध्या चालीला चाळीस-पन्नास वाद्यांचा साज चढवणारे. सेबॅस्टियन डिसोझा हे शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचे अरेंजर. श्रेयनामावलीत कधी 'सहायक' म्हणून नाव आलं तर आलं. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करणारे चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवाले तर 'अलबेला'त वाद्यवृंद घेऊन पडद्यावरच दिसतात. आणि मजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस! व्हायोलिनचे शिक्षक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी'त, १९७७ साली, गुरूचं नाव शिष्यानं थेट गाण्यात घातलं. अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडून ते नाव साऱ्या देशानं पाठ केलं आणि असा खरा माणूस आहे याची फारशी कुणाला गंधवार्ता नव्हती. श्रेय मिळवायचा याहून गमतीदार मार्ग मला तरी माहीत नाही. त्यांच्या मागे बसलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांची नावं मात्र पडद्यावर आली नाहीत. आता ती कुठे शोधायची?

कधीकधी नाव कळतं ते खोटं असतं, त्याचीही मजा निराळी. 'साधी माणसं' १९६५ चा. संगीत 'आनंदघन' यांचं. हे आनंदघन कोण, ते राज्य पुरस्काराच्या वेळी सगळ्यांसमोर उघड झालं. लताबाई गुपचूप खुर्चीत बसून होत्या. त्याच काळात शांता शेळके सेन्सॉर बोर्डात काम करत होत्या, म्हणून चित्रपटगीतं लिहिताना 'वसंत अवसरे' झाल्या. म्हणजे आईनं भाकरी थापता थापता "गीतकार वसंत अवसरे" असं ठसक्यात सांगितलं, तेव्हाही ती बरोबरच होती.

आणि ज्यांचं नाव कधी आलंच नाही त्यांचं काय? दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला लागला. त्या चित्रपटासाठी सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला छिद्रं पाडली, रसायनं कालवली, फिल्म धुतली आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. मला वाटतं, आज असती तर ही बाई तीन विभागांत आली असती आणि केटरिंगमध्ये चौथ्यांदा.

पूर्वी तुमच्या व्यवसायात ही अडचणच नव्हती, कारण नावं आधी यायची. 'शोले'त आगगाडी स्टेशनात येते, जेलरसाहेब उतरतात, रामलालबरोबर घोड्यावरून ठाकूरच्या घराकडे निघतात, आर. डी. बर्मनची ती गिटार वाजत राहते आणि सगळी नावं त्या खडकाळ रानातून निघून जातात. उठून जाणार कुठे? गोष्ट अजून व्हायचीये. आता नावं मागे गेली आणि वाढली. संगणकावर डोंगर उभे करणाऱ्यांचीच नावं शेकड्यांनी असतात. ती बारीक अक्षरांत, झरझर वर जातात, हे मला मान्य आहे. सगळी वाचून होत नाहीत. पण त्या गर्दीतच खरे दागिने असतात.

मराठी चित्रपटाच्या शेवटची 'विशेष आभार'ची यादी कधी नीट पाहिलीत? ग्रामपंचायत, समस्त ग्रामस्थ, देवस्थानचे ट्रस्टी, पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक, कुणाचा तरी वाडा, कुणाचा ट्रॅक्टर, चहावाला, जनरेटरवाला. एक अख्खं गाव महिनाभर कसं चित्रपटाच्या मागे धावलं असेल ते त्या यादीतून कळतं. चित्रपटात जे शेत बघून आपण हळहळलो ते कुणाचं होतं, हे तिथे लिहिलेलं असतं. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे बघून मी चक्रावले होते, हा नट इतके दिवस होता कुठे? नाव वाचलं, वीरा साथीदार. घरी येऊन शोध घेतला तर नागपूरचे कार्यकर्ते, संपादक. चळवळीची गाणी या माणसाच्या रोजच्या जगण्यातली होती. मग चित्रपट मनात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. अविनाश अरुणच्या 'किल्ला'त पावसात भिजलेलं कोकण पाहून वाटलं होतं, छायाचित्रकारानं दिग्दर्शकावर कुरघोडी केली. नावं आली तेव्हा कळलं, दोघे एकच.

तुमच्या बाजूनंही मी विचार केला आहे. दोन खेळांच्या मध्ये तुमच्याकडे वेळ थोडा असतो, तेवढ्यात सांडलेले पॉपकॉर्न झाडायचे, थ्रीडीचे चष्मे गोळा करायचे, पुढची गर्दी आत घ्यायची. मिनिट मिनिट मोलाचं. पण सुपरहिरोंच्या चित्रपटांना हे कसं जमतं? २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून त्या मंडळींनी नावांच्या नंतर एक छोटं दृश्य ठेवायची चाल पाडली. तेव्हापासून कॉलेजातली पोरं पाय लांब करून सगळी नावं संपेपर्यंत बसलेली असतात, आणि तुमचे दिवेही तोवर मंद असतात. झाडूवाली मुलं दारातच थांबतात. चित्रपटगृह कोसळत नाही. अर्ध्या मिनिटाच्या दृश्यासाठी जे होतं ते माणसांच्या नावांसाठी व्हायला काय हरकत आहे? मी तर म्हणेन, हॉलिवूडनं नकळत आपल्या पोरांना बसायचं वळण लावून दिलंय, त्याचा फायदा घ्या.

घरी बसून बघण्यात ही सोय उरलेली नाही, म्हणून तर तुमच्याकडे आले. ओटीटीवर चित्रपट संपला की नावांचा चौकोन आक्रसून कोपऱ्यात जातो आणि पुढचं काहीतरी पाच सेकंदांत सुरू होतंय अशी धमकी येते. त्या पाच सेकंदांत रिमोट कुठल्या उशीखाली आहे हे शोधणं म्हणजे एक खेळच. फोनवर गाणी लावली तर गायकाचं नाव ठळक, आणि गीतकार हवा असेल तर तीन टिंबांवर बोट ठेवून आत शिरा. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा सुधारला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का झाला, हे चांगलंच झालं. हक्क मिळाला त्यांना; नाव मात्र आमच्या कानावरून गेलं. माझ्या भाचीला शेकडो गाणी पाठ आहेत. एकाचाही गीतकार ठाऊक नाही. तिचा दोष नाही, तिला कुणी सांगितलंच नाही. तिच्या स्वयंपाकघरात निवेदक नाही.

आणि नावं वाचायला आपल्या लोकांना कंटाळा येतो, हे मला पटत नाही. लग्नपत्रिका आठवा. आजोबांपासून सुरू होऊन काका, मामा, आत्या, मावश्या, आणि तळाशी 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. मुहूर्त नंतर बघतात, आधी नावं वाचतात. एखाद्या धाकट्या काकूंचं नाव राहिलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. एवढी नावांची हौस असलेला प्रेक्षक तुमच्या हॉलमध्ये बसलाय, त्याला फक्त अंधार हवा आहे.

तेव्हा सुरुवात छोटी करा. शनिवार-रविवारच्या गर्दीच्या खेळांना हात लावू नका. मंगळवार-बुधवारचा दुपारचा एखादा खेळ निवडा, ज्याला तसेही जेमतेम दोन रांगा भरतात. त्या खेळाला नावं संपेपर्यंत दिवे लावायचे नाहीत, आवाज कमी करायचा नाही, दार उघडायचं नाही. तिकीटखिडकीपाशी एक चिठ्ठी चिकटवा की या खेळाला शेवटपर्यंत अंधार राहील. ज्यांना घाई आहे ते दुसऱ्या खेळाला जातील. जे येतील ते काय करतात ते बघा. पायऱ्यांवरचे छोटे दिवे चालू राहू देत, म्हणजे कुणी धडपडलं असंही व्हायचं नाही.

दुसरं एक सुचवते, खर्च शून्य. नाटकवाले रंगमंच व्यवस्थेच्या माणसाचंही नाव घेतात, तसं तुम्हीही करा. हॉलच्या दाराशी एक पाटी लावा. आजचं प्रक्षेपण कुणी केलं, साफसफाई कुणाची, तिकिटं कोण बघतंय. आता रिळं बदलायची नसतात, सगळं संगणकावरून सुटतं हे मला ठाऊक आहे, पण आवाज फाटला की धावत जाणारा कुणीतरी असतोच ना? त्याचं नाव कळलं तर तक्रारसुद्धा जरा माणुसकीनं करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
खिडकीवर तिकीट काढून येणारी एक प्रेक्षक

ता. क. : दारावरच्या मुलांना एक सांगून ठेवा. हॉल रिकामा झाल्यावरही खुर्चीत बसलेली बाई झोपलेली असेलच असं नाही. परवा एकानं मला अगदी प्रेमानं हलवून "मावशी, पिक्चर संपला" असं सांगितलं, तेव्हा पडद्यावर अजून वेशभूषा विभागच चालू होता.